कड्यापासून खाडीपर्यंत: प्रचितगड आणि शास्त्री नदी

शास्त्री नदी प्रचितगडाच्या अंगाखाली, सह्याद्रीच्या कड्यात जन्मते आणि जयगडला समुद्राला मिळते. तिचा सगळा प्रवास रत्नागिरी जिल्ह्यातच सुरू होतो आणि तिथेच संपतो. घाटावरच्या नद्या चार-पाच जिल्हे ओलांडतात, एखादं राज्यही पार करतात. आपल्या कोकणातली नदी मात्र सकाळी डोंगरात दिसते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मुखाशी उभं राहता येतं. दादाच्या डोक्यात हे बरेच दिवस घोळत होतं. आधी गड चढायचा, मग नदीच्या सोबतीने खाली उतरत थेट खाडीच्या तोंडाशी जायचं. डिसेंबरात थंडी पडली, तिघांच्याही रजा जुळल्या आणि दादा, वहिनी आणि मी निघालो. वहिनीचं माहेर देवरूखचं. तिथल्या बोलीत ती सहज शिरते आणि मग समोरचा माणूसही मोकळा होतो. या प्रवासात त्याचा फार उपयोग झाला.

शुक्रवार: कसबा, नायरी, शृंगारपूर

संगमेश्वर रोड स्टेशनला गाडी पहाटे पोचली. स्टँडजवळ चहा आणि गरम बटाटेवडे खाऊन रिक्षाने कसब्याला गेलो. कसबा संगमेश्वर म्हटलं की पहिली आठवण १६८९ची. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला औरंगजेबाच्या मुकर्रबखान या सरदाराने संभाजी महाराजांना इथेच पकडलं. कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री उतरून तो अचानक इथे येऊन धडकला होता. स्मारकापाशी उभं राहून पूर्वेकडे बघितलं तर डोंगरांची निळी भिंत समोर दिसते. तेव्हाचं रान, तेव्हाच्या वाटा डोळ्यांपुढे आणल्या की अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर चढायचं होतं, म्हणून मी ती जरा जास्तच वेळ बघत राहिले.

कर्णेश्वराचं देऊळ बघायला निदान तासभर तरी ठेवा. देऊळ पूर्ण दगडी आहे. मंडपात मान वर करून छताकडे बघत राहावं असं कोरीवकाम आहे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची खोली नीट कळते. आवारातच सूर्याचं छोटं देऊळ आहे, तेही चुकवू नका. आम्ही गेलो तेव्हा एक आजी अंगण झाडत होत्या. वहिनीने त्यांना विचारलं, "आजी, गर्दी कवा असते हितं?" त्या म्हणाल्या, "महाशिवरात्रीला येवा, पाय ठेवायला जागा नसते." आणि लगेच झाडू बाजूला ठेवून आम्हाला नदीकडे उतरायची पायवाट दाखवायला निघाल्या.

अलकनंदा आणि वरुणा यांचा संगम देवळाच्या जवळच आहे. पाणी थोडंच होतं, पण तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकं स्वच्छ. कधीकाळी मोठी गलबतं शास्त्रीतून थेट संगमेश्वरच्या धक्क्यापर्यंत येत असत. गाळ भरत गेला तशी ती खाली खाली थांबू लागली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतच त्याबद्दल हळहळ आहे. डोंगरावरचं रान विरळ झालं की माती नदीत येते आणि मैलोन् मैल खालच्या बंदराचा धंदा बसतो. हे मला आधी पुस्तकातून माहीत होतं. या प्रवासात ते पायाखाली आणि डोळ्यांपुढे आलं.

कसब्याहून नायरीमार्गे शृंगारपूर. एस.टी. जाते, पण फेऱ्या मोजक्याच, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा. आम्ही रिक्षाच केली. नायरी सोडली की डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येत जातात आणि रस्ता जिथे संपतो तिथे गाव. भातकापणी आटोपली होती. मोकळ्या खाचरांत कुळीथ आणि पावटा हिरवागार, बांधाला गवताच्या उडव्या, आणि या सगळ्याच्या मागे कडा. नायरीपासून शृंगारपुरापर्यंत खिडकीतून तो एकदाही नजरेआड झाला नाही.

शृंगारपूर आज छोटं, शांत गाव आहे. अर्ध्याअधिक घरांना कुलूप. माणसं मुंबईला, येणार शिमग्याला आणि गणपतीला. पण एके काळी ही सुर्वे घराण्याची राजधानी होती. १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी ती जिंकली. इथल्या शिर्के घराण्यातल्या येसूबाई पुढे भोसल्यांच्या सून झाल्या. महाराज दक्षिण दिग्विजयाला गेले त्या काळात संभाजी महाराजांचा मुक्काम याच गावात होता. मोठ्या राजवाड्याच्या खुणा शोधत फिरू नका. इथे चौथऱ्यांचे दगड, जुनी देवळं आणि गावकऱ्यांच्या बोलण्यातला इतिहास आहे, आणि तो ऐकायला एखाद्या ओटीवर बसायची तयारी हवी.

मुक्काम वहिनीच्या माहेरच्या ओळखीतल्या एका घरी होता. घरातले मामा दुसऱ्या दिवशी आमचे वाटाड्ये. संध्याकाळी ते ओटीवर विळा परजत बसले होते. दादाने वाटेबद्दल विचारलं तर आधी त्यांनी आमच्या पायांतल्या बुटांकडे बघितलं आणि मग म्हणाले, "पाटं साडेपाचाला निघायचा. ऊन चढायच्या आदी कड्याखाली पोचायला होवा. आनी रानात मोठ्यानं बोलायचा न्हाय."

मामींनी रात्री कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि चुलीत भाजलेल्या सुकटाची चटणी वाढली. पिठीत वरून ओलं खोबरं आणि एक आमसूल टाकलेलं. बाहेर अशी थंडी आणि ताटात अशी वाफाळती पिठी असली की आणखी काही लागत नाही. दादाने भात संपवून परत पिठी मागितली तेव्हा मामींना इतका आनंद झाला की त्यांनी टोपच पुढे आणून ठेवला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो आणि चांदोली हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याची परवानगी आधीच घ्या. गडावर मुक्कामाचा बेत करू नका, उजेडी जाऊन उजेडीच परत या. गावातला वाटाड्या हवाच. जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलमधल्या नकाशावर विसंबून चालणार नाही, आणि गाव सोडलं की रेंजही जाते. पावसाळ्यात हा मार्ग सरळ टाळा. ओढे अचानक चढतात आणि वरचा कातळ निसरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. माणशी निदान तीन लिटर पाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. गोचिड्या कमी असतात, पण असतात.

शनिवार: रान, शिडी, गड

निघालो तेव्हा काळोख होता. मामा पुढे, हातात काठी, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता. शेतं संपली, गडगा ओलांडला, काजूच्या बागांमधून पाणंद वर गेली आणि पहिला पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, लागला. बॅटरीच्या झोतात पाणी काळं दिसत होतं. दगडांवरून पाय ठेवत पलीकडे गेलो आणि रान सुरू झालं.

उजाडायच्या सुमाराला जंगलात पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. आभाळ तर निरभ्र. मग कळलं, वरच्या पानांवर साठलेलं दव खालच्या पानांवर पडत होतं. टप्, टप्, सगळीकडून. वाट ओली, माती मऊ आणि हवेत कुजलेल्या पानांचा गोडसर वास. मामा थांबले, काठीने एका खोडावर हळूच ठोकलं. दोन पावलांवर गव्याचं शेण पडलं होतं, ताजं, वाफ निघेल इतकं. "रातचा पान्यावर आला असंल. आता वर गेला," ते म्हणाले. आम्ही तिघंही गप्प झालो, ते सांगायच्या आधीच.

हे रान दाट आहे. हिरडा, जांभूळ, कुंभा, अंजनी, ऐन, किंजळ, आणि पऱ्याच्या काठाला जुने आंबे नि उंबर. एका जागी गारंबीचा वेल आडवा आला. वेल म्हणायचं कशाला, माणसाच्या मांडीएवढा जाड लाकडी पीळ या झाडावरून त्या झाडावर गेलेला, आणि त्याला हातभर लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. गेल्या वर्षीची एक शेंग खाली फुटून पडली होती. मामांनी तिच्यातली बी उचलून माझ्या तळव्यावर ठेवली. गोल, चपटी, गडद तपकिरी, गुळगुळीत, आणि आकाराच्या मानाने हलकी. बोटाने चोळली की चकाकायची. मी ती सगळ्या बाजूंनी बघितली. मामांनी परत घेतली आणि खालच्या वाहत्या पाण्यात सोडली. "ही बुडत न्हाय," ते म्हणाले. "पावसात पऱ्यात पडते, नदीला जाते, आनी मग कुठं जाते ती देवाला ठावं." ती बी थोडी गरगरली, दगडाला अडली आणि सुटून पुढे गेली. गारंबीची बी आत पोकळी राखून असते, म्हणून ती तरंगते आणि समुद्रातूनही लांबवर जाऊन किनाऱ्याला लागते. राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलून आणायचं नसतं, साधी बीसुद्धा, आणि ती पाण्यात सोडणं हेच तिच्यासाठी बरोबर होतं.

शेकरू आधी ऐकू आलं. खटखटखट असा कर्कश आवाज आणि मग वरच्या फांद्यांत एकदम हालचाल. वहिनीने बोट दाखवलं तिथे तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. आपला राज्यप्राणी मी आजवर फलकांवरच जास्त बघितला होता. इथे तो जांभळीच्या शेंड्यावर उलटा लटकून काहीतरी कुरतडत होता आणि त्याचा चुरा आमच्या डोक्यावर पडत होता. मग त्याने झेप घेतली. दोन झाडांमधलं अंतर बघून मला वाटलं आता पडणार. पडलं नाही. मामांनी जवळच्या फांदीच्या बेचक्यातलं काटक्या-पानांचं भलंमोठं घरटं दाखवलं आणि सांगितलं की ते एकाच घरट्यावर राहत नाही, आजूबाजूला आणखीही बांधून ठेवतं. अशा उड्या मारायला झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले लागतात. मधली चार झाडं पडली की शेकराची वाट बंद.

पुढे एका खोडाला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधलेला दिसला. त्याच्यासमोरून आम्ही एकामागोमाग गेलो.

शेवटचा पऱ्या ओलांडल्यावर उभी चढण लागली. इथून पुढे श्वासाला फक्त चढण्याचं काम. सोंडेवर कारवीचं रान आहे. उतार इतका की दोन्ही हातांनी कारवीचे दांडे धरत वर सरकायचं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळते. मग तेच दांडे गावात कुडाच्या भिंतींना जातात. आता ती हिरवी आणि चिवट होती, धरायला भरवशाची. वाळकी काडी मात्र धरू नका, हातात येते.

चढणीच्या मध्यावर वनखात्याची चार-पाच माणसं भेटली. जाळरेषा काढायला निघाली होती. माथ्यावरचं गवत वाळलं की वणव्याची भीती सुरू होते. म्हणून त्याआधीच गवत कापून आणि जाळून मोकळे पट्टे केले जातात, म्हणजे आग त्यापुढे सरकत नाही. एका दगडावर बसून आम्ही त्यांच्याबरोबर गूळ-शेंगदाणे खाल्ले, त्यांनी आम्हाला आवळे दिले. त्यांच्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, "ताई, वाघ दिसेल म्हणून लोकं येतात. आम्हाला विचाराल तर मार्च-एप्रिलात वणवा लागला नाही, की ते वर्ष चांगलं गेलं म्हणायचं." वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या माणसांचा उल्लेख आपल्या भटकंतीच्या लिखाणात फारसा येत नाही. यायला हवा.

ऊन अंगावर आलं तेव्हा आम्ही कड्याला भिडलो होतो. गड मुख्य डोंगरापासून एका खिंडीने सुटलेला आहे आणि शेवटचा टप्पा शिडीने चढायचा. लोखंडी शिडी कातळाला टेकवून बसवलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना दरी. वारा खिंडीतून असा यायचा की टोपी काढून पिशवीत टाकावी लागली. वहिनी सर्वांत आधी चढली. मी मागून गेले तेव्हा पायऱ्या थंडगार लागल्या, सावलीतल्या लोखंडाचा गारवा तळव्यातून कोपरापर्यंत गेला. मी समोरच्या कातळाकडे बघत राहिले. कातळाच्या फटीत हिरवं शेवाळ आणि त्यातून एक थेंब फुगत होता, सुटत होता, परत फुगत होता. पावसाळा संपून अडीच महिने झालेले आणि कातळ अजून पाझरत होता.

शिडीवर एका वेळी एकानेच चढायचं. पाठीवरची पिशवी घट्ट बांधा, लोंबणारं काही ठेवू नका. कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर, सेंट, विडी-सिगारेट, शेकोटी यांतलं काहीही नको. आरडाओरडही नको. हे मामांनी शिडीखाली पुन्हा एकदा बजावलं.

गडावर पडका दरवाजा, भवानीचं देऊळ, समोर तोफा. एवढ्या वजनाच्या तोफा या वाटेने कशा चढवल्या असतील, यावर दादा आणि मामांची बरीच चर्चा झाली. देवळात मामांनी नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं. आमच्या तिघांची नावं घेतली, वहिनीच्या माहेरचीही घेतली आणि शेवटी "रानातल्या जित्राबालाबी सुखी ठेव" असं म्हणाले.

गडावरची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे खांबटाकं. कातळ आत कोरत नेलेला, मध्ये दगडाचेच खांब सोडलेले आणि त्यांच्यामध्ये काळोखात पाणी. खाली वाकून ओंजळ भरली. दात शिवशिवले. बाहेर डोक्यावर ऊन आणि हे पाणी मात्र रात्रीचंच. टाक्यात पाय घालू नका, बाटली धुऊ नका. वर येणाऱ्या माणसांना हेच पाणी प्यायचं असतं.

टाक्याजवळ बसून शिदोरी सोडली. नाचणीची भाकरी, जवळ्याची सुकी चटणी, कांदा, आणि मामींनी केळीच्या पानात बांधून दिलेला खरवस. खरवस त्यांनी आम्हाला न सांगताच बांधला होता.

मग कडेला जाऊन बघत बसलो. पश्चिमेला कोकण. एकामागे एक डोंगरांच्या सोंडा, मध्ये शृंगारपूरचे कौलारू ठिपके आणि त्यांच्याजवळून निघालेली नदीची चकाकती रेघ, पुढे धुक्यात हरवलेली. पूर्वेला चांदोलीचं रान. एक घर नाही, एक रस्ता नाही, एक तार नाही. नजर जाईल तिथपर्यंत काळसर हिरवं. तिथे आधी गावं होती. अभयारण्य १९८५मध्ये झालं, राष्ट्रीय उद्यान २००४मध्ये, आणि २०१०मध्ये चांदोली नि कोयना मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या काळात गावांना उठून खाली जावं लागलं. मामांच्या आत्याचं सासर वर होतं. "तिचा घर कुठं होता ते तिला सपनात दिसतं म्हनायची," ते म्हणाले. समोरचं रान बघताना त्या माणसांनी काय सोडलं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

त्याच बाजूला पाथरपुंज आहे. तिथे पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथूनच वारणा निघते. म्हणजे या माथ्यावर पडलेला थेंब पूर्वेला कलला तर वारणेत, तिथून चांदोलीच्या धरणात, मग सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला कलला तर शास्त्रीत आणि भरपावसात हां हां म्हणता जयगडला. पण तोच थेंब रानात, पानांखालच्या मातीत मुरला तर डिसेंबरात शिडीजवळच्या कातळातून बाहेर येतो, आणि गावाला उन्हाळ्यातही पाणी देतो. शृंगारपुरात डोंगरातल्या पऱ्याचं पाणी पाइपाने घरापर्यंत आणलेलं आहे, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. मामा म्हणाले, "वरचा रान हाय तवर आमचा नळ हाय."

उतरताना गुडघे बोलायला लागले. चढणीला कारवी मदत करते, उतरणीला नुसती तोंडावर येते. खालच्या पऱ्याच्या कोंडीत पाय सोडून बसलो. छोटे मासे तळव्यांना टोचत होते. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली. पंखांचा आवाज आधी आला, मग पक्षी दिसले. गावात पोचलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. मामींनी न्हाणीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. रात्री कोंबडी-वडे. मी किती वडे खाल्ले ते विचारू नका, मामींनी मोजू दिले नाहीत.

रविवार: फुणगूस, जयगड, तवसाळ

सकाळी निघताना मामींनी पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि पावट्याच्या शेंगा घातल्या. पैसे द्यायला गेलो तर मुक्कामाचे घेतले, जेवणाचे घेईनात. शेवटी वहिनीने देवापुढे ठेवले. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ठरलेली रक्कम आधीच विचारून घ्या आणि वाटाड्याचे पैसे वेगळे द्या. त्यांचा दिवसभराचा रोजगार बुडलेला असतो.

संगमेश्वरला ओळखीची गाडी मिळाली आणि नदीच्या कडेकडेने पश्चिमेला निघालो. शास्त्रीला सोनवी येऊन मिळाली की नदी रुंद होते आणि फुणगूसपर्यंत ती खाडीच झालेली असते. पाण्याचा रंग बदलतो, काठावर कांदळवन सुरू होतं, चिखलात बगळे दिसतात. ओहोटी होती. गुडघाभर चिखलात वाकून बायका खुबे नि मुळे काढत होत्या. वहिनीने वरून हाक मारली, "काय गावतंय?" एकीने टोपली तिरकी करून दाखवली. वाटा घेतला. पुढे जयगडला जिथे जेवलो तिथल्या काकूंनी तो कांदा-खोबऱ्याच्या वाटपात करून दिला. कालच्या भाकरी-चटणीनंतर हा खाडीचा खारट रस्सा! डोंगरावरून समुद्रावर आलो हे जिभेला आधी कळलं.

जाकादेवी, खंडाळा करत जयगडला पोचायला दुपार झाली. आधी कऱ्हाटेश्वर. देऊळ समुद्राच्या खडकांना लागून आहे. पायऱ्या उतरून गेलं की गोमुखातून गोडं पाणी पडतं आणि त्याच्या पलीकडे काही पावलांवर लाटा फुटतात. मग किल्ला. जयगड विजापूरकरांच्या काळापासून खाडीचं तोंड राखत आला आहे. बुरुजावर चढलं की एका नजरेत सगळं येतं, डावीकडे उघडा समुद्र, समोर खाडीचं रुंद मुख, पलीकडे तवसाळ. आज इथे मोठं बंदर आणि वीजप्रकल्प आहे, धक्क्याला लागलेली जहाजं बुरुजावरून दिसतात. खंदकाच्या बाजूने चालताना पायाकडे लक्ष ठेवा, गवतात दगड सुटे आहेत.

जयगड ते तवसाळ फेरीबोट चालते. गाड्याही पलीकडे जातात. आम्ही दुपारची धरली. बोटीवर दोर सांभाळणारे काका वयस्क, खारवी, सगळं आयुष्य याच पाण्यावर गेलेलं. दादाने त्यांना सांगितलं, आम्ही काल या नदीच्या उगमाकडे, वर डोंगरात होतो. त्यांनी एकदम वळून बघितलं.

"पार वर? पानी हाय का अजून?"

"आहे," दादा म्हणाला. "चांगलं वाहतंय."

काकांनी मान हलवली. ते सांगत होते, जुलैत वर मोठा पाऊस झाला की इथे आभाळ मोकळं असलं तरी त्यांना कळतं. खाडीचं पाणी तांबडं होतं, ओंडके नि बांबू वाहत येतात, वरचं पाणी अळणी लागतं. मासळी तेवढे दिवस बाहेर सरकते आणि पाणी निवळलं की परत आत येते. वहिनीने त्यांना गारंबीच्या बीचं वर्णन करून विचारलं, ती येते का? "येते की! पावसाळ्यात वाळूवर लागते. पोरं खेळतात त्यानी. कसली असते ती?" मग वहिनीने त्यांच्याच बोलीत तो वेल सांगितला. मांडीएवढा जाड, हातभर लांबीच्या शेंगांचा, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. काका ऐकत राहिले आणि बोट तवसाळला लागेपर्यंत प्रश्न विचारत राहिले. वर रान किती आहे, गवे अजून आहेत का, तिकडची माणसं काय पिकवतात.

तवसाळला उतरून गुहागरमार्गे चिपळूणला आलो आणि रात्रीची गाडी पकडली. स्वतःची गाडी असेल तर हाच मार्ग धरा, हेदवी आणि वेळणेश्वर वाटेवरच आहेत. फेरीच्या वेळा भरती-ओहोटी आणि हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी जयगडला विचारून घ्या आणि शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका. आणि उलट दिशेने, समुद्राकडून गडाकडे, जायचा विचार असेल तर मधे शृंगारपुरात एक पूर्ण रात्र विश्रांतीची ठेवाच. चढण पाय दमलेले असताना करण्यासारखी नाही.